नाक झिजलेली सरस्वती

बाळांनो, डोळे मिटा. उजवी मूठ आवळा. समजा, त्या मुठीत बोटाएवढी देवी आहे, दुसऱ्याच्या घरची. पण तिच्या जागी तुम्ही दुसरी देवी ठेवून आलात — सरस्वतीच्या जागी सरस्वती. मग ही चोरी झाली का? लगेच उत्तर नको. मंडळी, तुम्हीही डोळे मिटा. नाहीतरी मागच्या खांबापाशी दोघांनी मघाशीच मिटलेत.

ऐका. वेंगुर्ल्यात दाजी सामंत राहत. त्यांना जुन्या जपानी धातुमूर्तींचा नाद. तिकडे भाग्याच्या सात देवता एकाच होडीतून येतात म्हणे. एकाचं पोट असं सुटलेलं, की आपले बाप्पाही म्हणतील — जरा बेतानं, राव! दाजींकडे होडी होती, सहा देव होते. सातवी जागा रिकामी. ती वीणावाल्या देवीची, तिकडच्या सरस्वतीची.

आणि ही सातवी कुठे? शेजारच्या पारूआजीच्या देव्हाऱ्यात. आजीचे यजमान बोटीवर खलाशी होते, त्यांनी आणलेली. दाजींनी मागून पाहिली, आजीने दिली नाही. तेव्हा दाजींनी आपल्या नातीच्या, निमाच्या हातात बाजारातली तेवढ्याच आकाराची सरस्वती ठेवली.

"बदलून आण. तिला कुठे दिसतंय? देवाच्या जागी देवच ठेवतोय ना आपण?"

आजोबांचा शब्द निमाने कधी मोडला नव्हता. ती गेली. आजी परसात फुलं काढत होती. निमाने मूर्ती बदलली, वळली — तर दारात आजी.

"कोण, निमू? बस गो. देवांची आंघोळ बघ."

आता निघणार कशी? मूठ पाठीमागे धरून ती बसली. आजी चाचपत एकेक देव ताम्हनात घेतेय. गणपती. बाळकृष्ण. मग सरस्वती — आणि बोटं थांबली. पुन्हा फिरली. पुन्हा थांबली.

"निमू, माझ्या बाईचं नाक धुऊन धुऊन झिजलंय गो. आज टोकदार कसं लागतंय?" आजी हसली, पण ते हसू टिकलं नाही. "डोळे गेले तेव्हा म्हटलं, हात आहेत. आता हातही फसवायला लागले. उद्यापासून देवांना तूच आंघोळ घाल."

मंडळी, चोर शेजारी बसलाय आणि ही बाई स्वतःच्या हातांना दोष देतेय! निमा गप्प राहिली तर सुटते. उद्या मूर्ती हळूच परत ठेवली, तर कुणाला कळणारही नाही. पण आजीचे हात? ते तिला कोण परत देणार?

निमाने आजीचा ओला हात धरला आणि आपली मूठ त्यात उघडली.

"आजी, तुझे हात बरोबर आहेत. मी चोरली."

बाळांनो, आता तुमची मूठ उघडा. आणि मंडळी, तुम्हीसुद्धा — सावकाश उघडा, पण घरी पोचण्याआधी.