शिलाईच्या वर्गाची जागा

हॅलो?… हो, हो तुळसाबाई, दीपाच बोलून राह्यली… आयकू येते, बोला ना… दारव्ह्यातच आहे. शाळेच्या फाटकापाशी.

नाही, घाई नाही… तुम्ही जेवल्या का?… हो, लागला निकाल. आत्ताच हेडसरनं सांगितलं… थांबा ना बाई, सांगते तर!

तुमचं नाव नाही, बाई… म्या दोनदा इचारलं. सर म्हणे, शिलाई शिकवाले आता डिप्लोमाच पाहिजे. तुमचं एका वर्साचं सर्टिफिकेट आहे न, ते चालत नाही… मीबी तेच म्हटलं! इतके वर्स तासावर राबवून घेतलं, तवा बरं चाललं! कापसाचा भाव पडला तशा किती बाया-पोरी तुमच्यापाशी मशीन शिकून पोटाले लागल्या…

बाई? रडून राह्यल्या का?… हासता कायले मंग!

कोणाले घेतलं?… असन कोणीतरी… नाही, अमरावतीची नाही… नाव कायले पाहिजे तुम्हाले? आयका ना, जीपवाला हाका मारून राह्यला, मी मंग… नाही नाही, ठेवू नका. ठेवू नका, बाई.

मले घेतलं.

…हॅलो?… हो, मलेच. म्या अर्ज केलता… कशी दिसन? तुम्ही इंटरव्ह्यू देऊन जाईपर्यंत मी मुतारीच्या मागं उभी होती. तुमच्यापुढं यायची हिंमतच नाही झाली… लाज वाटते, बाई. धरणीनं पोटात घेतलं तर बरं. डिप्लोमाले मले तुम्हीच धाडलं, “माह्यासारखी अर्ध्यात थांबू नको” म्हणे, अन् म्या तुमच्याच ताटात हात घातला… घरी बाबाच्या कापसाचं तं तुम्हाले… जाऊ द्या, ते कारण नोहे. मलेच पाहिजे होती ही नोकरी.

मी नाही होत रुजू. आत्ता जाऊन सांगते सरले… काहून रागावता?… हो… हो बाई… बरं. होते सोमवारी… हो, खिडकीपाशची मशीन, सुया तोडते ते. तेल देईन… पोरींवर खेकसणार नाही…

काय म्हटलं?… नाही, असं नका बोलू ना. मॅडम काहून म्हणता मले? बाई, शिव्या द्या पाहिजे तं, पण ‘दीपे’ म्हणा… एक डाव ‘दीपे’ म्हणा ना… बाई?… हॅलो?… हॅलो?