नानांच्या हो ला हो

चूक नानांची. माझे हे चुलते रिटायर्ड हेडमास्तर, पण अजून सगळं धुळं त्यांना वर्गच वाटतं.

बी.ए.ला माझा धर्मांच्या अभ्यासाचा पेपर होता. पिंपळनेरची सुनीताताई माझ्याच वर्गात, वयानं मोठी. घरी येऊन तीच माझी उजळणी घ्यायची. त्या दिवशी नाना मध्येच येऊन बसले.

"वुजू म्हणजे काय रे?"

"नमाजाआधी हात, तोंड, पाय धुणं."

"शाबास! पुतण्या कोणाचा!" शिकवलं ताईनं, मिशीला पीळ यांनी दिला.

पुढचा प्रश्न होता, चर्चमध्ये स्त्रिया उपदेश करतात का? ताई म्हणाली, "काही चर्चमध्ये करतात, काहींत नाही. आमच्या पिंपळनेरच्या चर्चमध्ये रविवारी मीच करते, नाना."

नाना हसले. "बाईमाणूस कधी उपदेश करस का? तुले उपदेशाले कोणी उभं केलं? सांग रे हिला, खरं काय ते."

मला खरं माहीत होतं. एका रविवारी मी स्वतः मागच्या बाकावर बसून तिला ऐकलं होतं. तरी मान खाली घालून म्हणालो, "नाना म्हणतात ते बरोबर आहे, ताई."

तिनं चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला आणि म्हणाली, "पेपरात तरी खरं लिही, भाऊ."

परीक्षेच्या दिवशी ती सेंटरच्या गेटपाशी उभी दिसली. तिला तोंड दाखवायची लाज वाटली, मी तिथूनच गाडी वळवली. पेपर बुडाला, पुन्हा कधी बसलो नाही, आणि बी.ए. कायमचं सुटलं.