श्रीरामने लिव्हर सोडला होता

पुरवणी जबाब
पोलीस ठाणे, सांवेर रोड परिसर, इंदूर
दिनांक २० मार्च १९९६

नाव रत्नपाल नथू सोनोने, वय ४६ वर्षे, धंदा हायड्रॉलिक जॅक आणि मशीन दुरुस्ती, पूर्वी कापड मिलमध्ये फिटर, मूळ घर महू, हल्ली राहणार बडा गणपतीच्या मागे, इंदूर. मला हिंदी येते, पण हे सांगणे मराठीतच नीट जमेल अशी विनंती मी केली. त्यावरून सहायक उपनिरीक्षक दत्तोपंत आगाशे यांनी जबाब मराठीत लिहून घेतला.

मी वरील इसम, कोणी बोलावले नसताना आपण होऊन ठाण्यात आलो आहे आणि समोर बसून सांगतो की, या प्रकरणात मी अपघाताच्या दुसऱ्या दिवशी एक जबाब दिलेला आहे. त्यात मशीनमध्ये दोष नाही असे मी सांगितले आणि खाली सही केली. ते खरे नव्हते. खरे काय ते आता सांगतो.

माझी मिल बंद झाल्यापासून मी सांवेर रोडवर एका पत्र्याच्या शेडमध्ये जॅक, ट्रॉल्या, प्रेस असली कामे करतो. ठेकेदार विजय छाजेड यांच्याकडे ट्रॅक्टर आहे. त्याच्या मागे बसवायचा खोदकामाचा हात, ज्याला सगळे बॅकहो म्हणतात, तो त्यांनी या हिवाळ्यात जुना विकत घेतला. भोपाळकडच्या कुठल्या तरी बंद पडलेल्या कामावरचा तो माल होता. येथे एका नव्या कारखान्याची शेड उभी राहते आहे, तेथे पाण्याच्या निकासासाठी नाली खोदून पाइप टाकायचे काम त्यांच्याकडे आहे.

ट्रॅक्टरचा ड्रायव्हर श्रीराम हा सांवेरकडचा. त्याची पहिल्यापासून तक्रार होती की बूम, म्हणजे बकेट धरणारा मोठा हात, वर उचलून ठेवला तर आपोआप हळूहळू खाली बसतो. दोन मिस्त्री येऊन गेले. दोघांनी सिलिंडरचे सील बदलले. फरक पडला नाही. मग विजयबाबू माझ्याकडे आले.

मी आधी बूम वर करून खाली लाकडाचे ठोकळे लावले, सिलिंडरची नळी काढली आणि तोंडाला प्लग मारला. ठोकळे काढले तरी बूम जागचा हलला नाही. म्हणजे सिलिंडर चांगला होता, तेल कंट्रोल व्हॉल्व्हमधून निसटत होते. व्हॉल्व्हच्या आत स्पूल असतो, म्हणजे भोकात मागेपुढे सरकणारी लोखंडी दांडी. लिव्हर दाबला की स्पूल सरकतो आणि तेलाला वाट मिळते. लिव्हर सोडला की स्प्रिंग त्याला मध्ये आणते आणि वाट बंद होते. या मशीनचा स्पूल झिजून ढिला झाला होता.

नवा व्हॉल्व्ह बाहेरून मागवावा लागला असता, त्यात काम थांबले असते. मी म्हणालो, मी करून देतो. स्पूलवर हार्ड क्रोमचा कठीण मुलामा चढवून घेतला आणि बारीक पेस्ट लावून हाताने घासत घासत भोकात बसवला. अगदी घट्ट बसवला. येथे मला थांबायला हवे होते. स्पूल भोकात बसतो तेव्हा तेलाच्या पातळ थराइतकी जागा ठेवावी लागते, कारण तेल तापले की लोखंड फुगते. हे मला मिलमध्ये असल्यापासून माहीत आहे. तेवढी जागा ठेवली असती तर बूम किंचित बसत राहिला असता. मला तो अजिबात बसायला नको होता.

चाचणीच्या दिवशी कारखान्याचे इंजिनिअर यतीन लिमये तेथे होते. ते पुण्याहून आलेले आहेत. बकेट मातीने भरून बूम वर धरला. जेवणाची सुट्टी झाली, चहा झाला, बूम तसाच. लिमयेसाहेब म्हणाले, "वा, सोनोने! एक सूतभरही उतरला नाही हो. प्लांट सुरू झाला की आम्हाला मेंटेनन्सला माणूस लागणार आहे. अर्ज टाकून ठेवा." मिल बंद झाल्यापासून मला नोकरीचे कोणी विचारले नव्हते. चाचणीच्या वेळी इंजिन बंद होते आणि तेल थंड होते. गरम तेलावर चाचणी मी घेतली नाही.

त्यानंतर, रंगपंचमीच्या आधी, श्रीराम माझ्या शेडवर आला. म्हणाला, "भिया, गाड़ी गरम होती है तो लीवर भारी हो जाता है. छोड़ो तो पूरा वापस नहीं आता. एक बार खोल के देख लो." मी त्याला सांगितले की नवे काम आहे, चालवून चालवून मोकळे होईल. तो म्हणाला, "नीचे आदमी लोग रहते हैं, इसलिए बोल रहा हूँ." मी म्हणालो, "हाथ में जोर लगाओ, भिया." शेडमध्ये दोनतीन जण बसले होते, ते हसले. श्रीराम निघून गेला. व्हॉल्व्ह उघडून पुन्हा घासायला मला अर्धा दिवस लागला असता. पण उघडला असता तर विजयबाबूंना आणि लिमयेसाहेबांना कळले असते की काम बिघडले आहे.

जखमी वासुदेव बोरसे हा माझ्याच मिलमधला, साचे खात्यात, म्हणजे मागावर होता. बंदीनंतर त्याने भाजीची गाडी लावली, मग कुठे चौकीदारी केली, काही टिकले नाही. या नालीच्या कामावर त्याला मीच लावून दिले. विजयबाबूंना मी म्हणालो होतो की हा माणूस माझ्या भरवशाचा आहे. नालीत उतरून पाइपाखालची माती सारखी करायचे काम त्याच्याकडे होते. हे मला माहीत होते.

चौदा तारखेला, गुरुवारी, मी अर्ज द्यायला साइटवर गेलो. दुपार होती, मशीन सकाळपासून चालू होती. मी लिमयेसाहेबांबरोबर शेडच्या सावलीत बोलत उभा होतो, पाठ नालीकडे होती. श्रीरामचे ओरडणे ऐकू आले, "हट! हट जा!" आणि लगेच वासुदेवचा आवाज. तो आवाज कसा होता ते लिहू नये अशी माझी विनंती आहे.

मी पळत गेलो. बकेट वासुदेवच्या डाव्या पायावर होती. श्रीराम सीटवर उभा होता. एक पाय लोखंडाला टेकवून दोन्ही हातांनी तो लिव्हर मागे ओढत होता. लिव्हर येत नव्हता. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे आणि पहिल्या जबाबात सांगितलेले नाही. मग त्याने इंजिन बंद केले. मी जॅक आणून बकेटखाली लावला आणि ती उचलली. वासुदेवला बाहेर काढताना तो माझ्याकडे बघून म्हणाला, "रत्नपाल, पाय आहे का रे?" मी आहे म्हणालो.

तोवर मजुरांनी श्रीरामला खाली ओढले होते. त्याला मारत होते. तो ओरडत होता, "छोड़ दिया था, मैंने लीवर छोड़ दिया था!" माझ्याकडे बघूनही एकदा ओरडला. मी वासुदेवबरोबर टेम्पोत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी मला मशीन बघायला बोलावले. मशीन रात्रभर बंद होती. इंजिन सुरू केले, लिव्हर दाबला, सोडला, स्प्रिंगने टक्कन जागेवर आला. पंचांसमोर चारसहा वेळा करून दाखवला. गरम करून बघू असे कोणी म्हणाले नाही. मीही म्हणालो नाही. माझ्या सांगण्यावरून ड्रायव्हरची चूक असे लिहिले गेले आणि श्रीरामला अटक झाली. त्याला जामीन राहायला कोणी आले नाही असे नंतर समजले.

वासुदेवचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मी दररोज दवाखान्यात जात होतो. त्याची बायको शशिकला मला म्हणायची, "रत्नपाल भाऊ, तुम्ही त्या वेळी तिथं होतात म्हणून माणूस तरी हाती लागला." मी तिला डबा आणून देत होतो, औषधे आणून देत होतो. रविवारी वासुदेवला जरा बरे वाटत होते. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "त्या श्रीरामला सोडायचं नाही. तू मशीन बघितलीस, तुला सगळं कळतं. तू साक्ष देशील ना त्याच्याविरुद्ध?" मी देईन म्हणालो.

घरी गेलो. जेवण गेले नाही. माझी बायको कौसल्या हिला मी दवाखान्यातले बोलणे सांगितले. ती म्हणाली, "पण तो ड्रायव्हर तुमच्याकडे आला होता ना आधी? लिव्हर जड जातो म्हणून? तुम्हीच हसत सांगत होतात, त्याच्या मनगटात जोर नाही म्हणून." तिने माझ्याकडे बघितले. मग माझ्यापुढचे ताट उचलून आत नेले. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलली आहे.

काल मी दवाखान्यात गेलो आणि वासुदेवला सांगितले की श्रीरामचा दोष नाही, लिव्हर अडकला होता, आणि तो मी बसवलेल्या स्पूलमुळे अडकला. वासुदेवला आधी कळले नाही. त्याने पुन्हा विचारले. मी पुन्हा सांगितले.

"अडकतो हे तुला माहीत होतं?" तो म्हणाला.

"हो."

"आणि खाली मी होतो, हे?"

"ते पण."

त्याने तोंड भिंतीकडे केले. शशिकला जवळ उभी होती, तिच्या हातात पाण्याचा पेला होता. ती म्हणाली, "इथं काय सांगता आम्हाला? ठाण्यात जाऊन सांगा." आणि मग, मी दारापर्यंत गेल्यावर, म्हणाली, "उद्यापासून डबा आणू नका."

आज सकाळी मी येथे येऊन आगाशेसाहेबांना विनंती केली की ठाण्याच्या आवारात उभी असलेली ती मशीन मला एकदा चालवू द्यावी. त्यांनी नवे पंच बोलावले. श्रीरामलाही बाहेर आणले. त्याचा एक डोळा अजून सुजलेला आहे. मी आवारात सगळ्यांना लांब उभे केले, इंजिन लावले आणि तेल चांगले तापेपर्यंत बूम वरखाली करत राहिलो. नळीवर हात ठेववेना तेव्हा बूम पूर्ण वर केला, लिव्हर खाली दाबला आणि हात काढून घेतला. लिव्हर तसाच राहिला. बूम खाली येत राहिला आणि बकेट जमिनीत रुतली. पंचांनी ते पाहिले. आगाशेसाहेबांनी स्वतः लिव्हर ओढून पाहिला, त्यांनाही तो आला नाही.

श्रीराम बघत होता. मी खाली उतरलो तेव्हा तो माझ्याजवळ आला. मला वाटले मारेल. हवालदाराने त्याचा दंड धरला होता. तो हळू आवाजात म्हणाला, "रत्नपाल भिया, मैंने आपको बोला था ना?" मी म्हणालो, "हाँ, बोला था." त्याने हवालदाराकडे वळून विचारले, "सुना आपने?" हवालदार हो म्हणाला. तेव्हा श्रीराम तेथेच ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खाली बसला.

विजयबाबूंना किंवा लिमयेसाहेबांना लिव्हर अडकत असल्याचे मी कळवले नव्हते आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यांना ते ठाऊक नव्हते. श्रीरामने विजयबाबूंना वेगळे सांगितले होते का, ते मला माहीत नाही. व्हॉल्व्ह उघडून स्पूल काढून द्यायला मी तयार आहे. या जबाबामुळे माझ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो हे आगाशेसाहेबांनी मला दोनदा समजावून सांगितले, वकिलाला विचारून या असेही ते म्हणाले. मला समजले आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही.

जबाब मला सावकाश वाचून दाखवला. वाचताना एका ठिकाणी "लिव्हर अडकेल याची मला कल्पना नव्हती" असे लिहिलेले ऐकू आले. मी तसे सांगितले नव्हते. आगाशेसाहेब म्हणाले, "असू द्या सोनोने, तुमच्याच भल्याचं आहे." मी ते वाक्य काढायला लावले. आता सर्व मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, बरोबर आहे. जेथे ते वाक्य खोडले, तेथे बाजूला माझी सही आहे, आणि एक ही.

रत्नपाल नथू सोनोने