पिंपांच्या बाहेरनं हाकली होडी

माझं नाव हरकू, गाव वेसावा. तुमी वर्सोवा बोलता ना, तेच, पन आमी वेसावाच बोलतो नि मरेपर्यंत तेच बोलनार. आमच्या घरात सहा पोरी, पोरगा नाय, आनि आमच्यात बायांनी होडीत पाय ठेवायचा नाय. मासळी विकायची, सुकवायची, पाटी डोक्यावर घेऊन अंधेरीच्या बाजारात बसायचं, पन होडीत बसायचं नाय. का नाय, ते कोनी सांगत नव्हतं. लहानपनी एकदा विचारलं तं आयसनं थोबाडीत दिली, म्हंजे तिला पन म्हायती नव्हतं.

बापूस धर्मा खलाशी व्हता. जाळं ओढताना दोर हाताला वेढला नि उजव्या हाताची तीन बोटं गेली, तो कामातनंच गेला. मंग त्याला होमीशेठ भेटला. होमीशेठ म्हंजे पारशी मानूस, मरोळला त्याचा इंजिनं दुरुस्तीचा कारखाना, पन्नाशी गाठलेली, पोटाचा घेर हा एवढा, आनि डोक्यात एकच खूळ, मुंबईतली सगळ्यात जोरात पळनारी होडी बांधायची. बांधली पन. लॉरीवरनं आली ती आमच्या खाडीवर, प्लायवुडची, लालभडक, दोन मानसं पाय लांब करून झोपली तं संपली एवढी, आनि मागं परदेशी इंजिन. बापूस तिची राखन करायचा, मी त्याला जेवन घेऊन जायची, तेव्हा एकोनीस वर्षांची व्हते.

काय सांगू तुमाला, ती होडी होडीसारखी वागायचीच नाय. हळू चालली तं रेड्यासारखी नाक वर करून बसायची. जोर दिला की नाक खाली यायचं, पळायची. आनखी जोर दिला की सगळं अंग पान्यातनं वर, मागचा हातभर भाग तेवढा टेकलेला, आनि तिथनं खेळ सुरू. ती डोलायची. डावीकडं, उजवीकडं, डावीकडं, आनि परत्येक झोका आधीच्याहून मोठा, आनि मंग फेकायचीच मानसाला. होमीशेठला तिनं चार वेळा फेकला. इंजिनाची दोरी दंडाला बांधायची असायची, मानूस पडला की इंजिन बंद, म्हनून वाचला.

मंग त्यानं गावातल्या तांडेलाला, म्हंजे होडीच्या म्होरक्याला, विचारलं. गोविंद तांडेल, आमच्या गावात त्याच्याएवढा दर्या कोनाला कळत नव्हता, मी खोटं नाय बोलनार. आनि त्याच्या पोराशी माझं लगीन ठरलेलं व्हतं, ते पन सांगून ठेवते. तो बसला ऐटीत, सुकान धरतात तसं ते चाक धरलं, होडी डोलली तसं त्यानं करकचून वळवलं, आनि सरळ चिखलात. बाहेर आला, थुंकला, बोलला ही होडी नाय, अवदसा हाय, हिला जाळा.

मी जेटीवर डबा घेऊन उभी. तोंडातनं निघून गेलं, शेठ, मी बसू का. सगळे हसले. बापूस नाय हसला, तो खाली बघत राहिला. होमीशेठनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, वाईट नजरेनं नाय, वजन करतात तसं, आनि बोलला, डिकरी, तुला पोहता येते? मी बोलले, शेठ, मी वेसाव्याची हाय. बापसाकडं बघितलं. बापूस बोलला, लुगडं घट्ट कस. बस तेवढंच बोलला.

पयल्या दिवशी मी पडले. दुसऱ्या दिवशी पडले. जोरात पडलं ना की पानी पानी नसतं, ती फरशी असते. पुढचा दात तिथंच गेला माझा, हा बघा, आनि डाव्या कानानं आजपन कमी ऐकू येतं. शेठच्या कारखान्यात यशवंत म्हनून फिटर व्हता, साताऱ्याकडचा, बौद्ध, पोहता त्याला बिलकूल येत नव्हतं, जेटीच्या कडेला यायला पन घाबरायचा, पन इंजिन त्याच्या हातात मांजरासारखं बसायचं. तो मी पडले की दर वेळी विचारायचा, पडायच्या आधी काय झालं. लागलं का असं विचारायचा नाय, त्याचा राग यायचा मला. पन त्या विचारन्यानंच मी शिकले. मी बोलायची, ती डावीकडं गेली, मी उजवीकडं वळवलं. तो बोलायचा, कधी वळवलं? गेल्यावर की जाताना? मी बोलले गेल्यावर. तो बोलला मंग उशीर झाला, तू वळवतेस तेव्हा ती आपनहून उजवीकडं निघालेली असते, तू तिला आनखी ढकलतेस.

एक मुलाखत घ्यायला आला व्हता कोनीतरी मागं, तो सारखा बोलत व्हता की डोक्यावर पाटी घेऊन चालायची सवय, त्यातनं तोल आला असनार ना. मी बोलले नाय. पाटीचा काय संबंध? वेसाव्याच्या सगळ्या बाया पाटी घेतात, त्या सगळ्या होडी हाकतील का उद्या? शिकले मी ते. पडून शिकले. आनि खरं सांगू, डोळ्याला कळतच नाय ते, डोळा बघेपर्यंत उशीर. ते बुडाला कळतं. हसू नका, लिवा. फळीवर बसलंय ना बूड, त्याला डाव्या बाजूचं पानी हलकं लागतं, इतकंसं, आनि तेवढ्यात चाकाला बोटभर, बोटभरच, इकडं, लगेच परत. पायाखालचं पेडल सोडायचं नाय, भीती वाटली की पाय उचलतो, आनि पाय उचलला की नाक आपटतं. भीती वाटू द्यायची, पाय नाय उचलायचा. महिना गेला मला. यशवंत इंजिनाचा कल बदलायची खिट्टी एक भोक वर, एक भोक खाली करत राहिला, शेठ जेटीवरनं शिव्या देत राहिला, आनि एका सकाळी ती डोललीच नाय. खाडीच्या तोंडापासनं मढच्या बाजूपर्यंत सरळ, खाली आवाज नुसता टरटर टरटर, कापड फाटतं तसा. मी ओरडले. काय ओरडले ते सांगनार नाय, शिवी व्हती.

तेवढ्यात गावाची बैठक बसली. त्या मोसमात मासळी कमी आली ती माझ्यामुळं, असं बोलले. बाईचा पाय होडीला लागला, दर्या कोपला. बापसाला मधे उभा केला. गोविंद तांडेल बोलला, पोरीला उतरवा नायतर सोयरीक मोडली. बापसानं तो बोटं तुटलेला हात पाठीमागं लपवला. मला बोलायची परवानगी नव्हती, बाया मागं उभ्या राहतात. मी पुढं गेले. मी बोलले, बापसाची तीन बोटं गेली तेव्हा होडीत कुठली बाई बसली व्हती? सांगा. आनि तांडेलमामा, तुमी चिखलात गेलात त्या दिवशी कोनाचा पाय लागला व्हता? मागं बाया हसल्या, आधी एक, मंग सगळ्या, आनि त्यात माझी आयस व्हती, जिनं थोबाडीत दिलेली. सोयरीक तिथंच मोडली. मी बोलले मोडा.

मंग शर्यत. मार्व्याच्या किनाऱ्यापुढं शहरातल्या एका क्लबची, साहेबलोकांच्या होड्या, पान्यात पिंपं बांधून रस्ता आखलेला. होमीशेठनं नाव लिवलं हरकू धर्मा. टेबलामागचा टोपीवाला बोलला, हे कोन? शेठ बोलला, माझी चालक. तो बोलला, बायांना नाय घेत, आनि नोकरमानसांना तं नायच, ही शर्यत हौशी लोकांची हाय. शेठ लाल झाला, बोलला, तिच्याएवढी हौस तुमच्यात कोनाला हाय? नाय ऐकलं. तो बोलला शेठ तुमी हाका. शेठ बोलला, माझं पोट बघा, आनि माझ्याकडं वळून बोलला, चल डिकरी, घरी.

मी बोलले शेठ, पिंपांच्या आतला रस्ता त्यांचा. बाहेरचा कोनाचा?

शेठनं माझ्याकडं बघितलं नि होडीकडं बोट केलं. यशवंतनं दोरी माझ्या दंडाला बांधली, त्याचे पाय गुडघ्यापर्यंत पान्यात, पयल्यांदा. मी पिंपांच्या बाहेर जाऊन उभी राहिले. निशान पडलं, त्या आठ होड्या सुटल्या, मी पन सुटले. बाहेरनं म्हंजे परत्येक वळनाला मला लांबचा फेरा, आनि बाहेर पानी उघडं, लाटा जास्त. दुसऱ्या वळनाला होडी डोलली, मोठी डोलली, मला वाटलं गेले, पाय उचलावासा वाटला. नाय उचलला. बोटभर इकडं, बोटभर तिकडं, धरली तिला. तिसऱ्या फेऱ्याला सात होड्या माझ्या मागं. एक पुढं राहिली, ती शेवटपर्यंत पुढंच राहिली, खोटं कशाला बोलू. पन तिच्यातला गोरटेला मानूस किनाऱ्याला लागल्यावर टेबलाकडं गेला नाय, तो आधी माझ्याकडं आला नि हात पुढं केला. मी हात मिळवला, माशाच्या वासाचा. तो टोपीवाला बोलत व्हता, पोलिसांना बोलावतो. मी बोलले, बोलाव. कुठल्या कायद्यानं दर्या बंद हाय ते मला पन ऐकू दे.

बापूस वाळूत बसून रडत व्हता. मी बोलले, रडतोस कशाला, दुसरी आले. तो बोलला, नवव्या नंबरची होडी दुसरी आली, असं कधी ऐकलंस काय.

त्यांच्या वहीत माझं नाव नाय. आठच नावं हायत. दोन वर्षांनी मी यशवंतशी लगीन केलं, त्याच्यावरनं पन बैठक बसली, ती गोष्ट वेगळी, त्यातपन मी पुढं जाऊन बोलले एवढं समजा. होमीशेठ गेला तशी होडी कोनीतरी घेऊन गेलं, कुठं ते कळलं नाय. यशवंत जाऊन आता सात वर्षं झाली. मरेपर्यंत पोहायला शिकला नाय तो मानूस.

आता गुडघे गेलेत. सकाळी बाजारात बसते, अजून बसते, पोरगा बोलतो घरी बस, मी बोलते तू बस. गावातल्या पोरी येतात, कोनी स्कूटर शिकते, कोनी पोलिसात जायचं बोलते, कोनाच्या घरातनं नको बोलतात, मंग माझ्याकडं येऊन रडतात. मी त्यांना रडू देते थोडं, मंग चहा पाजते, मंग हाकलते, जा बोलते, उद्यापासनं सुरू कर, आनि पडलीस तं मला येऊन सांग की पडायच्या आधी काय झालं.

लिवलंत ना सगळं? दाताचं पन लिवा. आनि बिचारी कुठं लिवू नका, तेवढं बघा. एकवीरा आई तुमचं भलं करो.