रेखा सिस्टरनं मला अडवलं

आमच्या उमरग्याच्या दवाखान्यातल्या रेखा सिस्टरचं सांगतो. तिला इथं येऊन वर्ष झालं, पण माझ्यापुढं कधी मोठ्यानं बोलली नव्हती. परवा गर्दीत मी एका आजोबांना इंजेक्शन लिहून दिलं. ती इंजेक्शन न देता तशीच परत आली अन् सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, हे मी देणार न्हाय."

मी चिडलो. "का?"

तिनं आजोबांचा जुना केसपेपर पुढं ठेवला. याच इंजेक्शननं त्यांना मागं रिॲक्शन आली होती, अन् तसं माझ्याच अक्षरात लिहिलं होतं.

मी उठून म्हणालो, "सिस्टर, चुकलं माझं. असंच अडवत जा."

आजोबा तिच्याकडं वळले. "बाई, आता औषध कोणतं घेऊ, ते तुमीच सांगा."

अपमान इतका गोड लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.