नव्या रेकॉर्डवर मास्तर बोलत नाहीत

हॅलो? … हॅलो, हो, सांगली. हळदीची पेढी, बरोबर. … हो बाई, मीच लावलाय कॉल. सातारा, कारखान्याच्या गेटवर. हिंदूराव म्हणून वॉचमन हायत, त्यांनाच बोलवा म्हणावं. … थांबतो की. सकाळपासनं थांबलोयच.

…

हॅलो? कोण, हिंदूराव? … अरं मी भाऊसो. … सांगलीचा भाऊसो, दुसरा कोण? … न्हाई, न्हाई, कुणाला काय झालं न्हाई. समदी बरी हायत. ट्रंककॉल म्हटल्यावर तू हेच ईचारणार, ठाव व्हतं मला. पर पत्रानं सांगण्यातलं न्हवतं.

… व्हय. रेकॉर्डचंच.

… मिळाली. शनवारी पार्सल आलं. काल दुपारी माधवनगरला युनियनच्या खोलीत समद्यांनी ऐकली. … आरं सांगतो की. एकेक ईचार.

… मोठी हाय, लाँगप्ले. आपल्या जुन्या प्लेटा कशा, हातातनं सुटली की तुकडे. ही वाकती. एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला पाच. आपल्या प्लेटांवरनं कंपनीनं उतरवलेल्या धा चाली. … दोन गाळल्या. … हळदीची आन् घोड्याची. … तेच तर. अर्जुना म्हणाला, घोड्याची गाळली म्हंजे माझा ढोलच गाळला.

… वर? वर चित्र हाय. एक बाई नाचतीया आन् मागं हत्ती. … मला काय म्हाईत हत्ती कशाला. सांगलीत हत्ती गणपतीच्या देवळात, वरातीत कवा बघितला व्हतास तू? गिरणीच्या भोंग्यावर उठणारी माणसं आपण. … मागच्या बाजूला नाव हाय की. 'नवजीवन ब्रास बँड, माधवनगर.' त्याच्या खाली, 'क्लॅरोनेट, सिद्धू मास्तर.' … हाय, तुझं बी हाय. 'ट्रंपेट, हिंदूराव.' … आडनाव न्हाई. कुणाचंच न्हाई. … व्हय रं, छापलंय. मी सोता वाचलंय.

… लय लोक व्हती. खोली भरली, मग जिन्यावर बसली. कवठ्यापासनं सायकली मारत आली. माझ्यासारखीच, वरातीचं आवतान नसताना बँडच्या मागं मागं हिंडणारी. नवरा कोण, नवरी कोण, ठाव नसायचं आपल्याला. मास्तर कुठल्या गावात वाजवणार तेवढं कळलं की निघायचं. … मशीन लालासाहेबाचं. तोच, लाउडस्पीकरवाला. त्यानं दोन कर्णे आणलेले, मी म्हटलं खोलीत कशाला, मग खोकं लावलं.

… आवडली का?

… कसं सांगू तुला. आवाज साफ हाय. लय साफ. जुन्या प्लेटीत ती खरखर, त्यात तू कुठंतरी मागच्या गल्लीत उभा ऱ्हाऊन वाजवतोयस असं वाटायचं. आता म्होरं आलास. … खरंच. खोटं कशाला बोलू?

पर गड्या, तीन मिनटं. आन् मास्तर एकेक चाल अर्धा-पाऊण तास धरायचे. वेस समोर दिसायची आन् वरात आत जायची न्हाई. नवरीकडची माणसं हात जोडायची, जेवणं खोळंबल्यात म्हणून. … व्हय, व्हय, तासगावच्या त्या लग्नात तर भटजी सोता आला व्हता सांगायला. … हितं आपली मान हलाय लागती तवर संपलीच. मग नुसती खसखस, आन् दुसरी चाल.

… नाचली? न्हाई. कोण नाचलं न्हाई. जाजमावर बसून ऐकली. दुपारची येळ, चाळिशी-पन्नाशीची माणसं, कोण उठणार? एक जण उठला. बघतो तर दुसरं कोण उठंना. मग पाणी प्यायचं निमित्त करून माठाकडं गेला. … मीच तो. हसू नगंस.

… अर्जुना व्हता की. त्याला ऐकू येत न्हाई आता. गिरणीत मागाच्या खडखडाटात गेले कान, दोन्ही. त्यानं काय केलं, स्पीकरच्या खोक्यावर तळवा ठेवला आन् शेवटपर्यंत काढला न्हाई. मी कानात वरडून ईचारलं, कशी वाटली? म्हणाला, ढोल बराबर हाय, माणसं कमी हायत.

… हो बाई. तीन मिनिटं झाली, कळलं. वाढवा. … हो, वाढवा म्हटलं ना. … हिंदूराव? हायस का?

आता ऐक. ज्यासाठी फोन लावलाय ते. दुसऱ्या बाजूला पहिलीच चाल, वेशीची. … व्हय, तीच. लालासाहेबानं सुई उचलली आन् खोलीतली माणसं म्होरं सरकली. जिन्यावरची बी उठून दाराशी आली. समदी कशासाठी थांबलेली, तू सांग. … न्हाई सांगत? मग मीच सांगतो. चाल सुरू व्हायच्या आदी मास्तर बोलतात त्यासाठी. 'हिंदू, दमानं रं.'

… ठाव हाय. कंपनीच्या माणसाची चूक व्हती, मशीन आदीच चालू झालं आन् मास्तरांचं बोलणं प्लेटीत उमटलं. … तुला किती चिडवलं ते बी ठाव हाय. सायकलीवरनं चाललास की पोरं मागनं 'दमानं रं'. हाटेलात चहा उचललास की 'दमानं रं'. … मी बी म्हणलोय. न्हाई म्हणत न्हाई. … ऐक तर म्होरं.

काल समद्यांनी तोंडं उघडलेली, मास्तरांच्या संगट म्हणायला. आन् सुई टेकली ती थेट क्लॅरोनेटच. … बोलणं न्हाईच. काढलं. कंपनीला वाटलं असंल ही घाण हाय, पुसून टाकावी. लालासाहेबानं सुई उचलून पुन्ना ठेवली. चार येळा ठेवली. नसलेलं कुठनं येणार?

मग सुरू झालं. एक म्हणाला कंपनीला पत्र लिवू. दुसरा म्हणाला ही आपली रेकॉर्डच न्हवं, आपल्या बँडचं नाव लावलंय नुसतं. … मला बी राग आला. पर माझं सोड. हरणावैनी व्हत्या तिथं. … व्हय, मास्तरांच्या. दाराशी बसल्या व्हत्या बायकांत. समदी भांडत व्हती, त्या उठल्या, चपला घातल्या, माझ्याजवळनं जाताना म्हणाल्या, "भाऊसो, ह्ये बोललंच न्हाईत." एवढंच. गेल्या.

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याला ती गंमत व्हती, हिंदूराव. वैनींकडं मास्तरांचा आवाज म्हणून तेवढाच. फोटो हायत दोन. आवाज कुठला असणार? दुष्काळाच्या साली गेले मास्तर, सहा वर्सं झाली. घरातली प्लेट छपराचं पत्रं बदलताना फुटली. लालासाहेबाची झिजून पार गुळगुळीत. मला वाटलं नव्या रेकॉर्डात असंल, म्हणून मीच त्यांना बोलावणं धाडलं व्हतं काल. मीच.

म्हणून ईचारतो. तू पलटणीत गेलास तवा एक प्लेट घीऊन गेलतास. … मास्तरांनी दिली का तू उचललीस, मला कशाला? हाय का ती?

… हॅलो? … हिंदूराव? … थांब, एक मिनिट. या वैनी, या. हितं पोत्यावर बसा. … व्हय, लागलाय फोन. त्योच हाय. … हिंदूराव, वैनी आल्यात. मीच या म्हटलं व्हतं, येळंला तू सापडशील म्हणून. आता सांग. हाय न्हवं प्लेट?

…

… कवा?

… हं.

… सोताच्या हातानं?

… न्हाई, न्हाई, मी काय बोलत न्हाई. ऐकतोय. … पलटणीत बी? … कुणी वाजवली? … हं. म्हंजे तिथं बी सुरू झालं तुझं 'दमानं रं'. … मग दगडावर आपटलीस. … समजलं.

… समजलं रं. वीस वर्साचं वय. मला काय अधिकार बोलायचा, चिडवणाऱ्यांत मी म्होरं व्हतो. … मास्तरांना सांगितलं व्हतंस कवा? … कवाच न्हाई? म्हणून मयताला आला न्हाईस व्हय. आमी म्हटलं रजा मिळाली नसंल.

… हळूच बोलतोय. पर त्या म्होरंच बसल्यात, आन् माझं तोंड त्यांना दिसतंय. … कोण, मी सांगू? तुझं तू सांग की. … न्हाई हुईत? मग कुणी सांगायचं, एक्स्चेंजच्या बाईनं?

… थांब. वैनी हात म्होरं करत्यात. … वैनी, प्लेट… न्हाई ऱ्हायली. फुटली ती. … त्याच्या हातनंच. … घ्या, तुमी बोला. हे हितनं ऐकायचं, हितनं बोलायचं. उलटं न्हाई, असं. हां.

…

हालू. … मी हरणा. सिद्धूमास्तरांची. … व्हय, वैनीच. … मोट्यानं बोल बाबा, मला ह्ये नवीन हाय.

… कळलं. सांगितलं भाऊसोनी. … फुटली तर फुटली. … वाईट वाटलं की. वाटायचं ते वाटलंच, खोटं कशाला सांगू? … आता माफी घीऊन मी काय करू? ऱ्हाऊ दे.

… त्यास्नी? त्यास्नी राग व्हता तुजा. … व्हय, शेवटापतोर व्हता. येवडं शिकिवलं आन् येका बोलापायी उटून गेला म्हनायचे. … नाव घ्यायचे की. राग आला मजी तुजं नाव घ्यायचे, आन् राग रोज यायचा.

… ते जाऊ दे. मला येक सांग. प्लेट भरताना तू म्हमईत त्यांच्या शेजारीच हुबा व्हतास न्हवं? … कसं बोललं व्हतं? … शब्द न्हाई रं. शब्द म्हाईत हायत, पोरासोरांनी म्हनून म्हनून पाट झाल्यात. कसं बोललं ते सांग. आवाज. तुज्या कानात आसंल. … माज्यातनं चाललाय. भाकरी थापताना आठवाय बघती, तर माजाच आवाज येतो. त्यांचे शब्द आन् माजा आवाज.

… तुला येत व्हतं की. तू त्यांची नक्कल करायचास, मागं, चुलीम्होरं बसून. मी हसायची. … म्हन की. … आसंनात मानसं गेटवर. … ट्रका थांबतील जरा.

…

न्हाई.

न्हाई, आसं न्हवतं. तू राग घालतुयास त्यात. त्यांचा राग मी वळखती, त्यो आसा न्हवता. … तुला तसा ऐकू आला आसंल. … आरं तू मशीन बघून भ्याला व्हतास. घरी आल्यावर त्यांनीच सांगितलं मला. पोराचं व्हट वाळलं व्हतं, म्हनून म्हटलं दमानं. … व्हय. येवडंच व्हतं ते. … तुला कवा सांगायचं? तू आईकाय थांबलास कुटं?

…

… रडू नगंस. … बरं, रड. मी हाय.

… भाऊसो, ही कोन बाई मदीच बोलतीया? … वाडवा म्हना तिला.

… हां. हाय मी. … आता म्हन पुन्ना. राग काडून म्हन.

…

… आजून थोडं सावकास. 'दमानं' म्हटल्यावर जरा थांबायचे, आन् 'रं' आसा सोडून द्यायचे खाली. … हां. म्हन.

…

व्हय.

…

व्हय. ह्येच.

… न्हाई, काय झालं न्हाई मला. ऐकती. … येकदा म्हटलास तेवडं बास. आता सारकं सारकं नगं, न्हाईतर तुजाच आवाज बसायचा माज्या डोस्क्यात.

… ये की. आयतवारी सुट्टी आसंल न्हवं? … न्हाई, प्लेट शोदत हिंडू नगंस कुटं. तू ये. बायकोला घीऊन ये, मी बघितली न्हाई तिला. … अर्जुनाला भेट. त्येला ऐकाय येत न्हाई, पर मानूस वळखतो.

… व्हय. … व्हय. … त्यांच्यावरनं काय बोलायचं आसंल ते हितं येऊन बोल, फोनात नगं.

… बरं, ठेव आता. … आरं तूच ठेव आदी. मला न्हाई ठिवता येत.