डॉक्टरांच्या आईची चौकशी आणि माझी दाढ

नाही नाही, ते ताट सध्या तिकडेच राहू द्या, ओतिलियाबाई, मी घेतो, पहिला घास मीच घेणार, धर्मपिता मीच आहे, पोराच्या डोक्यावर पाणी पडलंय, आता मी कुठं पळून जातोय... पण तुम्ही पाहुणे मंडळी, तुम्ही खालच्या गावाहून आलात आणि मघापासून माझ्या गालाकडे बघून एकमेकांना कोपरानं ढोसताय, ते दिसतंय मला. गालात पेरू ठेवलाय का, असं हे निळ्या शर्टातले गृहस्थ म्हणाले, तेही ऐकलं. दाढ सुजलीय माझी, कान नाही सुजले. आणि आता तुम्ही म्हणणार, अहो चेबोकाका, आठवडाभर तुमच्या गावात परदेशी डॉक्टरांचं पथक होतं, दातांची डॉक्टरीण होती, फुकटात दाढा उपटत होती, मग तुमची का नाही काढून घेतली? तुम्हाला सांगतो, हे मला सकाळपासून सगळ्यांनी विचारून झालंय. पाद्रीबाबांनी तर पोराला बाप्तिस्मा देता देता विचारलं, पाणी तसंच धरून ठेवलं हातात, पोर रडतंय आणि हे माझ्या जबड्याकडे बघतायत.

तुमच्या गावात काय रीत आहे माहीत नाही, पण आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या जेवणात चिचारोनचा, म्हणजे डुकराच्या तळलेल्या कडक कातडीचा, पहिला तुकडा धर्मपित्यानं खायचा. नुसता खायचा नाही, कडाकडा फोडायचा, अंगणाच्या टोकापर्यंत आवाज गेला पाहिजे. जेवढा आवाज मोठा तेवढं पोर खातंपितं, धडधाकट निघतं. लिसांद्रोच्या पोराच्या वेळी धर्मपित्यानं तो तुकडा नुसता चघळला, आज ते पोर शाळेत जायला लागलं तरी मक्याच्या खिरीवर आहे. आणि ओतिलियाबाईंना मूल झालंय लग्नाला किती वर्षं उलटल्यावर, तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे मी जर आज चघळलो, तर ही बाई मला जन्मभर सोडणार नाही. आणि माझी दाढ?

आता सुरुवातीपासून ऐका. आरोग्य समितीच्या अध्यक्षा कोण? ह्याच, ओतिलियाबाई. त्यांनी सभा बोलावली, म्हणाल्या, उत्तरेकडून डॉक्टरांचं पथक येतंय, दुभाष्या पाहिजे, कोण स्वयंसेवक होतंय? सगळ्यांनी खाली बघितलं. मीही खाली बघत होतो हो... पण नेमकी तेव्हा कळ आली, मी गाल धरायला हात वर नेला, गालापर्यंत पोचायच्या आत ह्या म्हणाल्या, "लिहून घ्या, चेबोभाऊ तयार आहेत." मी म्हटलं, अहो, दाढ. तर म्हणतात, "त्यांच्यात दातांची डॉक्टरीण आहे ना, तुम्ही तर दिवसभर तिच्या शेजारीच उभे, तुमच्याइतका नशीबवान कोण?" गावानं टाळ्या वाजवल्या. झालो मी स्वयंसेवक.

आता इंग्रजी मला येतं, नाही असं नाही. तिकडे काही वर्षं कोंबड्यांच्या कारखान्यात होतो. पण तिथं माणूस शिकून शिकून काय शिकणार? पंख, छाती, तंगडी, कलेजी, आणि 'लवकर हात चालवा'. त्याच्यावर मी डॉक्टरकी करायची! आमची चोनआजी आली खांदा धरून. खांद्याला काय म्हणतात, कोण सांगणार? मी आपलं डॉक्टर ह्युबर्टना सांगितलं, म्हातारीचा पंख धडाला जिथं जोडलेला असतो तिथं दुखतंय. भला माणूस, पांढऱ्या मिशा, एका पायानं लंगडणारा, त्यानं हसू दाबलं आणि तिला हात वर-खाली हलवायला लावला. चोनआजी माझ्यावर खेकसली, "चेब्या, मेल्या, काय सांगितलंस त्याला? हा मला उडायला लावतोय."

पण ते चाललं असतं. खरी पंचाईत वेगळीच. ही डॉक्टर मंडळी मोठी सज्जन, आपल्या भाषेतलं एक वाक्य पाठ करून आलेली. पेशंट समोर बसला की हसून विचारायचं, "कसे आहात?" आता तुम्हीच सांगा, पाहुण्यानं कसे आहात विचारलं तर आपण काय म्हणतो? देवाच्या दयेनं बरे आहोत, म्हणतो. दुसरं काही म्हणतं का कोणी? तापानं फणफणलेला माणूस, देवाच्या दयेनं बरा. विळा लागून बोट लोंबतंय, देवाच्या दयेनं बरा. डॉक्टर लिहून घ्यायचे, बरा. वर हातात जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि जंताचं औषध ठेवायचे, की निघाला तो हसत घरी. संध्याकाळी ह्युबर्टसाहेब मला बाजूला घेऊन म्हणतात, "चेबो, इतकं निरोगी गाव मी आयुष्यात पाहिलं नाही. आम्ही चुकून दुसऱ्याच गावात तर नाही आलो?"

मी गेलो रांगेसमोर, टेबलावर चढलो, ओरडलो. म्हटलं, मंडळी, हे लोक विमानानं आलेत तुमची दुखणी ऐकायला, आत गेल्या गेल्या पहिलं दुखणं सांगा, बरे आहोत म्हणालात तर मी तंगडी तोडीन. तर चोनआजी पुढं आली कमरेवर हात ठेवून. "शोभतं का हे? तो बिचारा समुद्र ओलांडून आला, त्याची आई कशी आहे, वाटेत त्रास झाला का, हे न विचारता मी माझा खांदा उघडा करून त्याच्या नाकासमोर नाचवू? आईनं हेच शिकवलं का रे तुला?" आणि सगळी रांग माझ्याकडे अशी बघायला लागली, की मी टेबलावरून उतरलो.

मग काय... गावानं तोडगा काढला. दुखणं सांगायचं, पण आधी रीतसर चौकशी करून. आई कशी आहे, बायको कशी आहे, मुलं काय करतात. आणि हे सगळं भाषांतर कुणी करायचं? मी. एका कोपऱ्यात ह्युबर्टसाहेब, दुसऱ्या कोपऱ्यात दातांच्या मार्नीबाई, मधे शाळेचे बाक, आणि मी इकडून तिकडे धावतोय. तिकडे मार्नीबाई एकेकाची दाढ उपटून डब्यात टाकतायत, टण्ण करून आवाज होतोय, त्या प्रत्येक आवाजाला माझ्या जबड्यात कळ येतेय. दुसऱ्यांच्या दाढा किती दुखतात, खालून दुखतात का वरून, रात्री जास्त का सकाळी, हे मी तोंड भरून सांगतोय, आणि सांगणाऱ्याच्या तोंडात काय चाललंय, ते विचारायला कोणाला फुरसत?

आणि ह्युबर्टसाहेबांच्या कोपऱ्यात तर जत्रा भरली. कुणीतरी विचारलं, मुलगा कसा आहे, तर साहेबांचा चेहरा पडला. मुलगा बोलत नाही म्हणे. नाताळात फोनसुद्धा केला नाही. आपल्या लोकांना एवढं पुरे. पेशंट बाहेर आला, रांगेनं विचारलं, काय निघालं? तर म्हणतो, "मुलानं फोन केला नाही." सगळी रांग हळहळली. पुढचा आत गेला, स्वतःचं दुखणं विसरला आणि विचारतो काय, "आला का फोन?" शिवाय साहेबांचा गुडघा सगळ्यांनी बघितलेला. एकीनं सापाची चरबी आणली, एकीनं एरंडाची पानं शेकून बांधली, चोनआजीनं तिसऱ्या एका म्हातारीचा उपाय कसा चुकीचा आहे ते मला इंग्रजीतून सांगायला लावलं. डॉक्टर खुर्चीत, पाय बाकावर, आणि पेशंट गुडघा चोळतायत. साहेब डोळे मिटून म्हणतात, "चेबो, बरं वाटतंय रे." आणि परवा खरंच मुलाचा फोन आला हो. ओतिलियाबाईंनी चर्चची घंटा बडवली. लोक शेतातून धावत आले, कोण गेलं म्हणून.

मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. पण माझी दाढ?

रोज संध्याकाळी मी मार्नीबाईंकडे बघायचो. त्या दमून पाण्याची बाटली डोक्यावर धरून बसलेल्या. मी तोंड उघडणार, एवढ्यात कुणीतरी म्हातारा दारात. ओतिलियाबाई लगेच, "चेबोभाऊ, तुम्ही तर घरचेच, तुमचं शेवटी." मी म्हटलं, अहो रविवारी चिचारोन फोडायचाय, तुमच्याच पोराच्या बाप्तिस्म्याचा. तर म्हणतात, "म्हणून तर शनिवारी काढून घ्या, म्हणजे रविवारपर्यंत ताजी." काय ताजी? जखम?

तर आला काल शनिवार. रांग संपली. मी बसलो खुर्चीत. मार्नीबाई हसल्या आणि पाठ केलेलं वाक्य म्हणाल्या, "कसे आहात?" आणि तुम्हाला सांगतो, जीभ वळवळली हो, देवाच्या दयेनं असं म्हणायला... पण आठवडाभर लोकांवर ओरडलेला माणूस मी. घट्ट डोळे मिटून ओरडलो, "दाढ दुखते!" जिंकलो म्हटलं. बाई खूश. तोंडात बघितलं, शीळ घातली, आणि सुई टोचली. म्हणाल्या, आता थोडा वेळ थांबायचं, गाल बधिर होईपर्यंत. त्या स्टूलवर बसल्या, मी खुर्चीत.

इथं घात झाला. पाहुणी समोर बसलेली, आठवडाभर आपल्यासाठी राबलेली, आणि आपण भिंतीकडे बघत बसायचं? आणि माझ्या लक्षात आलं, अरे, ह्या बाईची चौकशी गावात कुणीच केलेली नाही. कशी करणार? तिच्यासमोर बसलेल्या प्रत्येकाचं तोंड उघडं, तोंडात चिमटा. ह्युबर्टसाहेबांची सगळी वंशावळ गावाला पाठ, आणि हिची आई आहे की नाही हेसुद्धा माहीत नाही. मला लाज वाटली, खरंच वाटली. माझं तोंड अजून माझ्या ताब्यात होतं. मी विचारलं, "आई कशी आहे तुमची?"

बाईनं हातमोजे काढले. आणि रडायला लागली.

आई गेल्या थंडीत वारली म्हणे. ही दुसऱ्या गावात दवाखान्यात कामावर होती, पोचेपर्यंत उशीर झाला. आणि तेव्हापासून कुणी विचारलंच नाही तिला, सगळे म्हणायचे, तू खंबीर आहेस. आता अशा वेळी मी माझा जबडा पुढं करू? मी तिचा हात धरला. ओतिलियाबाई कॉफी घेऊन आल्या, विचारलं काय झालं, मी सांगितलं, त्याही रडायला लागल्या, बसल्या, मग चोनआजी आली, मग सगळी रांग पुन्हा आत. आईचं नाव काय, स्वयंपाक कसा करायची, भरपूर माणसं होती का दफनाला. आणि भाषांतर मी करतोय, अर्धं तोंड बधिर, ओठ लोंबतोय, कॉफी शर्टावर. "तिची आई सफरचंदाची पोळी करायची" हे मी काय सांगितलं देव जाणे, पण बायका "अरेरे, अरेरे" करत होत्या. शेवटी चोनआजीनं दुखऱ्या खांद्याचा हात वर करून तिच्या आईसाठी प्रार्थना म्हटली. मार्नीबाई म्हणाल्या, इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

आणि बाहेर बसचा हॉर्न. वर डोंगरात काळं झालं होतं, ओढा चढला की बस दोन दिवस इकडेच, आणि त्यांचं विमान आज. ह्युबर्टसाहेब दोन्ही पायांवर, दोन्ही चांगल्या पायांवर, धावत आले, चला चला म्हणत. इकडे रडारड चाललेली, तिकडे नर्सबाईंनी सगळे चिमटे धुऊन पेटीत भरून बसच्या टपावर बांधलेसुद्धा. आणि तुम्ही म्हणाल, चेबोकाका, तुम्ही बोलला का नाहीत? अहो, मी कशाला बोलतोय? गाल बधिर, दुखतच नव्हतं काही! सात दिवसांत पहिल्यांदा दुखत नव्हतं, मी इतका आनंदात, मी स्वतः त्यांच्या पिशव्या उचलल्या, स्वतः बसला धक्का मारला, आणि हात हलवत राहिलो रस्त्यावर, लोंबत्या ओठानं हसत. बस ओढा ओलांडून वळणाआड गेली... आणि जबड्यात ठणका उठला. मी बसमागं धावलो, तुम्हाला सांगतो. ओढ्यापर्यंत धावलो. ओढा चढला होता.

आणा ओतिलियाबाई, आणा आता ते ताट. किती वेळ बोलणार माणूस, मंडळी भुकेली आहेत, आणि ते पोर कसं टकामका बघतंय माझ्याकडे, त्याचा काय दोष? घेतो, डोळे मिटून घेतो, असा फोडतो की ओढ्यापलीकडे आवाज जाईल. नंतर मी ओरडलो तर आनंदानं ओरडलो असं समजा.

बसच्या दारात त्या मार्नीबाईंनी मला मिठी मारली, म्हणाल्या, "चेबो, मी इथं द्यायला आले होते, आणि बघ, तुमच्याकडून केवढं घेऊन चाललेय!" घेऊन चाललीस, बाई, अगदी खरं. चोनआजीची कोंबडी नेलीस, ओतिलियाची शाल नेलीस, अख्ख्या गावाचे आशीर्वाद नेलेस... जी न्यायला आली होतीस ती दाढ तेवढी ठेवून गेलीस.